कोळी अंगावरून गेला की फोड येतात?

पावसाळ्यात अंगावर फोडांची ओळ घेऊन रुग्ण येतात आणि ‘डॉक्टरसाहेब, कोळी मुतला’ असे सांगतात. हा समज खेड्यात आहे, तसाच शहरातही आहे. तो कितपत खरा, हे कोळ्याच्या शरीररचनेवरूनच कळते.

कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय, शरीराचे तीन भाग व मिशा असतात. कोळ्याला आठ पाय आणि शरीराचे दोनच भाग. मिशा व पंख मुळीच नसतात. डोळे बहुधा आठ. तोंडाशी विषाचे दोन सुळे असतात, पण ते विष माशी-झुरळांसाठी. घरातल्या बहुतेक कोळ्यांचे सुळे आपल्या कातडीत नीट शिरतही नाहीत. भिंतीवर पोटाखाली पांढरी चकती धरून फिरणारा मोठा कोळी म्हणजे मादी. चकतीत तिची अंडी असतात. नुसते अंगावरून चालून फोड यावेत, असे तिच्या पायांत काही नसते.

मग फोड कशाने येतात?

१) पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारा, मुंगीसारखा लाल-काळा किडा अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजते. किडा चिरडू नका, फुंकून टाका. रस लागल्यास जागा साबणाने धुवा.

२) छाती, पाठ वा चेहऱ्याच्या एकाच बाजूला, आधी आग होऊन मग फोडांचा पट्टा उठला, तर ती नागीण. कांजिण्यांच्याच विषाणूचा हा आजार आहे. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर जास्त गुण येतो. लेप लावून दिवस घालवू नका.

३) ताप आणि अंगावर काळी खपली असेल तर स्क्रब टायफस असू शकतो. २०१८ मध्ये विदर्भात याचे बरेच रुग्ण आढळले. तो गवतातल्या बारीक माइटच्या पिल्लांमुळे होतो आणि योग्य औषधाने बरा होतो.

सर्वांत घातक चूक वेगळीच. जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावते. दातांची खूण जेमतेम दिसते, सूज नसते. घरचे म्हणतात, ‘कोळी चावला असेल.’ पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि पुढे श्वास थांबतो. अशा वेळी दोरी बांधणे, चिरा देणे, मांत्रिक हे सारे टाळा. रुग्णाला चालू न देता १०८ क्रमांकावर फोन करा व घाटी किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. सर्पदंशाची लस तेथे मिळते.

कोळी प्रत्यक्ष चावताना पाहिला नसेल, तर दोष त्याच्यावर ठेवू नका; डॉक्टरांना दाखवा.