सिस्टीम नंतर, आधी काम

२०२५च्या वसुबारसेच्या तीन दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. २०१५ पासून घरांत, शाळांत, दुकानांत ठाण मांडून बसलेली ही सिस्टीम त्या दिवशी बंद पडली नाही. थांबल्या त्या सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळाली, पण तेवढ्याने पेच सुटला नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७च्या आधीचे बहुतेक संगणक ठणठणीत असूनही अपात्र ठरले. एरवी दुकानदार घालून देईल ती सिस्टीम मुकाट वापरणाऱ्या घरांतही मग प्रश्न उभा राहिला: नवा लॅपटॉप घ्यायचा, मॅककडे वळायचं, की आहे त्याच यंत्रावर लिनक्स टाकायचं?

या प्रश्नाची चर्चा हटकून अभिमानाच्या वाटेला लागते. वीजबिल, बँक, रेल्वेचं तिकीट, मेल, यूट्यूब ही कामं आता ब्राउझरमध्ये होतात आणि क्रोम, फायरफॉक्स तिन्हीकडे सारखेच चालतात. म्हणून कोणती सिस्टीम श्रेष्ठ, हे ठरवण्याची गरजच नाही. महिनाभर संगणकावर आपण काय काय करतो, ते कागदावर लिहून काढावं. त्यातलं जे काम एकाच सिस्टीमवर अडून बसतं, ते निवड करून टाकतं.

अडणारं काम कोणतं?

दुकानाचे हिशेब टॅलीवर असतील तर वाद तिथेच मिटतो, कारण टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं. दुसरीकडे ते चालवण्याच्या खटपटी आहेत, पण मार्चअखेरीला खटपटींना सवड कुणाला असते? डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी त्याचा ड्रायव्हर कोणत्या सिस्टीमसाठी मिळतो, हे आधी पाहावं. फोटोशॉप आणि इनडिझाइन विंडोज व मॅकवर आहेत, लिनक्सवर नाहीत. तिथले गिंप, इंकस्केप आणि स्क्रायबस चांगल्या कुवतीचे आहेत. पण छापखान्याने इनडिझाइनचीच फाइल मागितली, तर ती कुवत कामी येत नाही.

प्रिंटरचंही तसंच. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांसाठी कंपनीच लिनक्सचं मोफत सॉफ्टवेअर देते. काही जुने लेझर प्रिंटर मात्र तिथे फार छळतात. आपलं मॉडेल आधी तपासलेलं बरं.

मराठी फायलींची गाठ

नवं मराठी लिहिणं कुठेच अडत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक तिन्ही सिस्टीममध्ये मिळतो आणि उच्चाराप्रमाणे टाइप करण्याची सोयही करता येते. अडचण जुन्या फायलींची आहे. युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपीसारख्या फाँटमधला मजकूर ही त्या विशिष्ट फाँटच्या खणांतली चिन्हं असतात. फाँट गेला की अक्षरांचा कचरा उरतो. सिस्टीम बदलण्यापूर्वी असा मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्यावा आणि नंतर डोळ्यांखालून घालावा. रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्या’ या जागी रूपांतर हमखास ठेचकाळतं.

युनिकोडमध्येही एक खोच आहे. विंडोजमधला मंगल हा फाँट आपल्या र. कृ. जोशी यांनी घडवला. पण मंगलमध्ये मांडलेलं पुस्तक लिनक्सवर उघडलं, तर दुसराच फाँट लागतो, ओळी सरकतात आणि पानं वाढतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला मुक्ता हा मोफत फाँट तिन्हीकडे बसवता येतो. फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर फिरणार असेल, तर असाच फाँट वापरावा.

पैसे आणि वर्षं

किंमत बघताना अपडेट आणखी किती वर्षं मिळतील, तेही बघावं. मॅकओएसच्या नव्या आवृत्त्या फुकट असतात, पण यंत्र अॅपलचंच लागतं. जुना मॅक स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळून जाऊ नये. ‘टाहो’ ही २०२५ची आवृत्ती इंटेल मॅकसाठी शेवटची आहे. घ्यायचाच तर २०२०च्या अखेरीस आलेल्या एम१ पासून पुढचा घ्यावा. उबंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षं मोफत दुरुस्त्या मिळतात. तिच्यावरच बेतलेलं लिनक्स मिंट विंडोजची सवय असलेल्याला लवकर हाताळता येतं आणि चार जीबी रॅमवर सुखाने चालतं. विंडोज ११लाही कागदोपत्री चारच जीबी पुरतात, पण प्रत्यक्षात आठ असलेली बरी. फक्त ब्राउझर लागत असेल तर गूगलचं मोफत क्रोमओएस फ्लेक्स आहे. त्यावर अँड्रॉइडची अॅप मात्र चालत नाहीत.

लिनक्स तज्ज्ञांसाठीच असतं, या समजाला केरळच्या सरकारी शाळा हे उत्तर आहे. तिथली मुलं गेली कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत. शिवाय पारख करायला संगणक पुसावा लागत नाही. मिंट पेन ड्राइव्हवरून तात्पुरतं चालवता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग हे सगळं एकदा पाहून घ्यावं. कायमचं बसवण्याआधी मात्र फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. अडचण आली तर हाक मारण्याजोगं जवळ कोण आहे आणि त्याला कोणती सिस्टीम येते, हेही विचारात घ्यावं.

यादीत टॅली किंवा फक्त विंडोजवर चालणारं टोकन निघालं, तर विंडोज ११ चालणारं यंत्र घ्यावं. मांडणी आणि चित्रांचं काम असेल तर विंडोज किंवा मॅक, खिशाला झेपेल ते. आणि काहीच अडत नसेल, तर नव्या लॅपटॉपचे पैसे राखून जुन्या यंत्रात हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी आणि मिंट टाकावं. संथपणाचा दोष आपण सिस्टीमला देतो, पण बहुतेकदा तो त्या जुन्या डिस्कचाच असतो.