अधिवृक्क ग्रंथी व रक्तदाब

नीरेचा डावा कालवा 1885 साली वाहू लागला आणि बारामती व इंदापूर या तालुक्यांचे रूप पालटले. परंतु जेथे गरजेपेक्षा अधिक पाणी जिरले, तेथे क्षार वर येऊन जमिनी खारवटल्या. डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी 1910 साली नीरा खोऱ्यातील अशा जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. पाणी व मीठ यांचा हिशेब चुकला म्हणजे काय होते, हे या मुलखास निराळे सांगावयास नको. मनुष्याच्या देहातही हा हिशेब असतो, आणि तो चुकल्यास एक विशिष्ट प्रकारचा रक्तदाब जडतो.

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर चार-पाच ग्रॅम वजनाची अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्यातून पाझरणाऱ्या आल्डोस्टेरॉन या अंतःस्रावाच्या आज्ञेने मूत्रपिंडे मिठातील सोडियम राखून ठेवतात. त्यामागोमाग पाणीही राहते, आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. ही आज्ञा एरवी मागणीनुसार सुटते. रक्तदाब उतरला की मूत्रपिंडे रेनिन नामक द्रव्य सोडतात. हीच ती मागणी होय. गरज भागताच रेनिन घटते व स्रावही आवरतो.

काहींच्या एका ग्रंथीत लहानशी गाठ होते. ती बहुधा कर्करोगाची नसते. काहींच्या दोन्ही ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागतात. मग पाटकऱ्याने मागणीवाचून चारीचे दार उघडे टाकावे, तसा हा स्राव चालूच राहतो. मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जेरोम कॉन यांनी 1955 साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पुष्कळ वर्षे तो दुर्मिळ मानला गेला. आता मात्र रक्तदाबाच्या दर शंभर रुग्णांत सुमारे पाच ते दहांस तो असावा असे मानतात.

त्याचा शोध न लागल्यास हानी मोठी होते. तितक्याच साध्या रक्तदाबापेक्षा हा विकार हृदय व मूत्रपिंडे यांस अधिक पोखरतो. तीन औषधे घेऊनही दाब न उतरणे, तो तरुणपणीच जडणे, पोटॅशियम घटून स्नायू दुबळे होणे, या त्याच्या खुणा होत. पण पुष्कळ रुग्णांचे पोटॅशियम ठीकच असते. म्हणून तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. सकाळच्या रक्तात आल्डोस्टेरॉन व रेनिन ही दोन्ही एकदम मोजतात. पहिले चढलेले व दुसरे दबलेले आढळले, तर संशय बळावतो व पुढील तपासण्या करतात.

दोष एकाच ग्रंथीत असल्यास ती शस्त्रक्रियेने काढता येते. मग कित्येकांची औषधे कमी होतात, काहींची सुटतातही. दोष दोहोंत असल्यास स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध त्या स्रावाचा परिणाम रोखते. लोणचे, पापड व वरचे मीठ आवरणे उभयतांस हितकर. ज्या घरी रक्तदाबाच्या गोळ्या वाढतच चालल्या आहेत, त्या घराने ही एक तपासणी झाली आहे काय, एवढे वैद्यास अवश्य विचारावे.