मेल्यावर चढणारी चव

पहाटे साडेपाचच्या सुमारास टोकियोच्या तोयोसू बाजारात घंटा घणघणते आणि ट्यूनाचा लिलाव सुरू होतो. पुकारणाऱ्याचा आवाज टिपेला जातो, व्यापारी बोटांच्या खुणांनी बोली लावतात आणि बघता बघता मासे विकलेही जातात. २०१९ सालच्या पहिल्या लिलावात इथे २७८ किलोंचा एकच मासा ३३ कोटी ३६ लाख येनना गेला!

पण खरी परीक्षा घंटेच्या आधी होते. प्रत्येक माशाची शेपटी कापलेली असते. व्यापारी त्या कापावर बॅटरीचा झोत टाकतात, मांसाचा इवलासा तुकडा बोटांत चोळून चरबी जोखतात. लाखमोलाच्या माशाचा निकाल शेपटीवरून कसा लावायचा?

त्यासाठी आधी हा मासा समजून घ्या. मासे थंड रक्ताचे, हे आपण शाळेत शिकलो. निळ्या पंखांच्या ट्यूनाला मात्र हा नियम लागू नाही! पोहणाऱ्या स्नायूंकडून परतणारं गरम रक्त कल्ल्यांकडून येणाऱ्या थंड रक्ताला अगदी खेटून वाहतं आणि वाटेतच त्याला आपली ऊब देऊन टाकतं. उष्णता समुद्रात फारशी वाया जात नाही. त्यामुळे ट्यूनाचे स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा १० अंशांहूनही अधिक गरम राहू शकतात.

हीच ऊब गळाला लागल्यावर त्याच्या मुळावर येते. मासा जिवाच्या आकांताने झुंजतो, अंग तापतं, स्नायूंत आम्ल साचतं आणि मांस फिकट, भुसभुशीत होतं. जपानी लोक याला ‘याके’, म्हणजे भाजलेलं, म्हणतात. समुद्रातल्या त्या झटापटीची ही खूण व्यापारी शेपटीच्या कापात शोधत असतो.

म्हणूनच जपानी कोळ्यांनी मासा मारण्याची ‘इकेजिमे’ ही पद्धत साधली. मेंदूवर एकच अचूक घाव, लगेच रक्त काढायचं, मग पाठीच्या कण्यातून तार सरकवून मज्जारज्जू निकामी करायचा. स्नायूंपर्यंत तडफडण्याचा निरोपच पोचत नाही.

त्याने काय साधतं? प्रत्येक पेशीत एटीपी नावाचा ऊर्जेचा साठा असतो, मोबाइलच्या बॅटरीसारखा. तडफडीत ही बॅटरी उतरते. इकेजिमेने ती जवळजवळ भरलेली राहते. आणि आता नवल पाहा: स्नायूंना आखडायलाच नव्हे, सैल व्हायलाही ऊर्जा लागते! एटीपी संपला की स्नायू जखडतात आणि मासा ताठ होतो. साठा जितका मोठा, तितका हा ताठरपणा उशिरा येतो.

त्याहून मोठं नवल पुढे आहे. मेलेल्या माशातला एटीपी टप्प्याटप्प्याने मोडत जातो आणि वाटेत त्यातून इनोसिनिक आम्ल तयार होतं. १९१३ साली संशोधक शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशाच्या चवीचं गुपित शोधताना सापडलं ते हेच. जिभेवर रेंगाळणाऱ्या ‘उमामी’ चवीचा हा एक मोठा आधार. म्हणजे आत्ताच मारलेल्या माशात ही चव अजून पुरती उतरलेलीच नसते! ती मेल्यानंतर चढत जाते, कळस गाठते आणि मग ओसरते. कारण इनोसिनिक आम्लही पुढे मोडतं आणि शेवटी किंचित कडवट पदार्थ उरतो.

हा सगळा खेळ थंडीच्या हातात आहे. गारव्यात या घडामोडी मंदावतात. १९३५ पासून चाललेला त्सुकिजीचा जुना बाजार बराचसा मोकळा होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथून तोयोसूला आलेला हा बाजार बंदिस्त आणि गार राखलेला आहे.

याच तोयोसूत भाजीपाल्याची वेगळी इमारत आहे. तिथला, सुशीत माशाच्या जोडीला येणारा वसाबीचा कंद हातात घ्या. अख्ख्या कंदात तो झणझणीतपणा नसतोच! तो ज्यांपासून बनतो ते पदार्थ पेशींमध्ये वेगवेगळे ठेवलेले असतात. किसल्यावर पेशी फुटतात, ते एकमेकांना भेटतात आणि नाकात झिणझिण्या आणणारा वास जन्माला येतो. काही मिनिटांत तो उडूनही जातो.

आता सुशीचा एक घास डोळ्यांपुढे आणा. माशाची चव रंगायला कित्येकदा काही दिवस जावे लागतात, वसाबीला जेमतेम काही मिनिटं मिळतात. दोन्ही चवी ऐन भरात असताना जिभेवर एकत्र यायला हव्यात. त्यासाठी भर समुद्रात घाव घालणारा कोळी, शेपटी निरखणारा व्यापारी आणि कंद किसणारा स्वयंपाकी, या तिघांनाही आपापली वेळ साधावी लागते. बाजारात जे ‘ताजं’ म्हणून विकलं जातं, त्यात या तिघांची ही जाण मुरलेली असते.