बर्फात अडकलेले जहाज आणि माजघरातले अण्णा

"डॉक्टर, अण्णांना एखादे चांगले टॉनिक लिहून द्या. दिवसभर पेंगतात, रात्री घर जागवतात, जेवणावर वासना नाही." एका सूनबाईंची ही तक्रार ऐकून घरी गेलो. अण्णांच्या खुब्याचे हाड मोडून ऑपरेशन झालेले. हाड जुळले होते. पण खाट अजून माजघरातच. धूळ येते म्हणून खिडकी बंद. ताट कधी अकराला, कधी दोनला. पालखी मुक्कामाला आली की वारकऱ्यांची सारी सोय पाहणारा हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. तपासणीत नवा बिघाड आढळला नाही. मला एका जहाजाची आठवण झाली.

1893 साली नॉर्वेचे नान्सेन 'फ्राम' हे लाकडी जहाज घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघाले. समुद्र गोठला आणि जहाज बर्फात रुतले. बर्फाबरोबर वाहत जायचे, हाच बेत होता. सुमारे 3 वर्षे ते बर्फात राहिले. हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्यदर्शन नाही. 1845 साली निघालेल्या इंग्रजांच्या 2 जहाजांवरील 129 माणसे उत्तरेच्या बर्फातच संपली होती. फ्रामवरचे मात्र 13 च्या 13 जण परतले. 1896 च्या ऑगस्टमध्ये जहाज स्वालबार्ड बेटांच्या उत्तरेस मोकळे झाले. त्याच बेटांवर 2008 पासून भारताचे 'हिमाद्री' केंद्र आहे. गोव्यातील ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते.

ही माणसे तगली कशी? सकाळी 8 ला उठून न्याहारी, दुपारी 1 ला जेवण, संध्याकाळी 6 ला पुन्हा जेवण. बाहेर अंधार असो, वेळ पाळायची. पवनचक्की बसवून विजेचे दिवे लावले होते. हवामानाच्या नोंदी, दुरुस्ती, स्वयंपाकघरात पाळीपाळीने मदत असे प्रत्येकाला काम होते. बर्फावर फेरफटका, रात्री वाचन, पत्ते, वाढदिवसाला मेजवानी. डॉक्टर दरमहा सर्वांचे वजन व रक्त तपासत.

यामागचे शास्त्र साधे आहे. आपल्या मेंदूत एक घड्याळ असते. डोळ्यांत शिरणारा उजेड ते रोज जुळवतो. जेवणाच्या ठराविक वेळा आणि हालचालही त्याला मदत करतात. दिवसभर अंधारात पडून राहिले की ते भरकटते आणि झोप व भूक दोन्ही बिघडतात.

दुसरी गोष्ट आहाराची. ताजे अन्न नसले की खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्यांतून रक्त येई, दात हलत. 'क' जीवनसत्त्वाचा शोध तेव्हा लागायचा होता, पण फ्रामवर लिंबाचा रस आणि अस्वलाचे ताजे मांस मिळे. आपल्याला तर पेरू, आवळा, लिंबू दारातच आहे. लिंबू शिजवताना घालू नका, ताटात पिळा. उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते.

एक गोष्ट मात्र आम्हा डॉक्टरांनी ध्यानात ठेवावी. फ्रामवर मॉर्फिनची सवय जडली ती डॉक्टरांनाच. सगळे ठणठणीत, त्यांना रोगीच नव्हते! कारण एवढेच होते असे मी म्हणणार नाही, पण रिकामेपण माणसाला पोखरते हे खरे.

म्हणून अण्णांना टॉनिक दिले नाही. खाट सोप्यात, उजेडात आणायला सांगितली. सकाळी अर्धा तास कोवळे ऊन, वॉकर धरून दोन वेळा अंगणात फेऱ्या, जेवण ठरल्या वेळी आणि चौघांत बसून. दुपारी शेंगा फोडणे आणि नातवाचे पाढे घेणे हे त्यांचे काम. तीन आठवड्यांनी झोप बरीच सुधारली. अजून रात्री एकदा उठतात, पण घर जागवत नाहीत.

मात्र म्हातारे माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागले, ताप आला, लघवी अडली किंवा अन्नपाणी सोडले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.