वीटखाणींतील बेडूक

बेडूक म्हटला कीं चिखल आणि पावसाळी रात्र हें चित्र डोळ्यांपुढें येतें. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरील ‘ग्रीन अँड गोल्डन बेल फ्रॉग’ हा मात्र भरदिवसां पाणकणसांत ऊन खात बसतो. हिरव्यागार अंगावर सोनेरी पट्टे, मांड्यांच्या आंतील बाजूस निळी झांक. कुळानें तो वृक्षमंडूक. पण झाडावर चढण्याची त्यास फारशी हौस नाहीं. उथळ, संथ, उन्हांत तापणारें पाणी हेंच त्याचें घर. मोठा पाऊस पडून गेला कीं नर पाण्यावर तरंगत हांका घालूं लागतात, आणि दूर कोठें मोटारसायकल चालली आहे असा भास होतो. मादी एका वेळीं कित्येक हजार अंडीं घालते. खादाडपणा तर असा कीं, स्वजातीच्या लहानग्यांसहि तो सोडीत नाहीं!

एके काळीं हा बेडूक सिडनीभोवतीं इतका विपुल होता कीं, प्रयोगशाळांत विच्छेदनासाठीं त्यालाच धरून आणीत. पुढें पूर्वीच्या वस्तीचा बहुतेक प्रदेश ओस पडला. दलदली बुजवून शहर वाढलें. डासांच्या बंदोबस्तासाठीं बाहेरून आणलेला गॅम्बुशिया मासा (भारतांतहि तो हिवतापाविरुद्ध तळ्यांत सोडतात) बेडकाचीं अंडीं व शेपटीवालीं पिलें फस्त करूं लागला. परंतु सर्वांत घातक शत्रु डोळ्यांस दिसणारा नव्हता. ती एक सूक्ष्म बुरशी असल्याचें १९९८ सालीं उघडकीस आलें. बेडूक कातडीनेंच पाणी पितो, अंशतः श्वासहि तिनेंच घेतो. बुरशी ती कातडी निकामी करते, रक्तांतील क्षारांचा तोल बिघडतो व अखेरीस हृदय थांबतें.

मग उरलेले बेडूक तगले कोठें? सिडनीजवळ होमबुश येथील एका जुन्या वीटखाणींत, आणि न्यूकॅसल बंदरांतील कूरागँग बेटावर, कोळशाच्या ढिगाऱ्यांच्या शेजारीं! कूरागँगच्या पाण्यांत थोडें मीठ असतें. तेवढ्या मिठानें बुरशी दबते, बेडकास मात्र तें सोसतें.

वीटखाणीच्या जागीं २००० सालच्या ऑलिंपिकसाठीं टेनिसचीं मैदानें व्हावयाचीं होतीं. बेडूक आढळल्यावर तीं अन्यत्र हलविलीं. आसपास नवीं तळीं खणलीं, रस्त्यांखालून बेडकांसाठीं वाटा ठेवल्या. तथापि तळें खणलें म्हणजे काम संपलें असें होत नाहीं. पाणकणीस दाटून पाण्यावर सावली पडली कीं तें बेडकास मानवत नाहीं, आणि गॅम्बुशिया शिरला कीं सगळें तळें उपसून पुन्हां भरावें लागतें. पूर्वीं हें काम अवर्षण आणि पूर करीत. आतां माणसें पंप लावून करतात.