काळ्या पट्टीमागचा गोंद

सुरतजवळच्या कामरेज चौकडीला मुंबई-अहमदाबाद हायवेवरच्या लक्झरी बस थांबतात, तेव्हा त्यांच्या पुढच्या काचेच्या कडा एकदा नीट पाहा. चारही बाजूंनी काळी पट्टी असते आणि आतल्या अंगाला ती बारीक-बारीक होत जाणाऱ्या ठिपक्यांत विरते. आपल्याला ती नक्षी वाटते, पण तिचं काम सावली धरण्याचं आहे. ही काच गाडीला स्क्रूने बसवलेली नसते, ती पॉलियुरेथेन गोंदाने चिकटवलेली असते. हा गोंद ताकदीचा, पण उन्हाशी त्याचं वैर. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याचा पृष्ठभाग आधी भुरभुरीत होतो, मग पकड सुटते. काळी पट्टी त्याला झाकते.

रस्त्यावरून पाण्यावर येऊ. कामरेजहून तापी खाली वाहत जाते, सुरत ओलांडते आणि हजिऱ्यापाशी खंभातच्या आखाताला मिळते. हजिऱ्याहून 2020च्या नोव्हेंबरपासून आखातापलीकडच्या घोघ्याची रो-पॅक्स फेरी सुटते. आता मोठ्या जहाजांना जाड, कडक केलेली काच लागते, त्यांचं सोडा. पण फायबरच्या छोट्या बोटी, शिडाच्या बोटी, सहलीच्या केबिनवाल्या बोटी यांच्या खिडक्या पुष्कळदा ॲक्रिलिकच्या असतात. ॲक्रिलिक काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचं आहे, आणि बोटीत उंचावरचं प्रत्येक किलो तिला डोलवायला मदत करतं. या खिडक्यांनाही तशीच काळी किनार असते. बसच्या काचेची किनार वर्षानुवर्षं तशीच राहते. बोटीची मात्र काही पावसाळ्यांत पांढुरकी पडते, पोपडे धरते. असं का?

बसच्या काचेवरचा काळा थर रंगाचा नसतोच. ती मिनाकारी असते: काचेची पूड आणि काळी रंगद्रव्यं काचेवर छापून 600 अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात, आणि ती काचेचाच भाग होऊन जाते. ॲक्रिलिक तर 105 अंशांच्या सुमारास मऊ पडायला लागतं. भट्टीचा प्रश्नच मिटला. त्याला साधा रंगच लावावा लागतो, आणि रंग म्हटला की तो झिजणारच.

त्यात ॲक्रिलिक हलतं. तापलं की ते काचेच्या सात-आठ पट पसरतं. मीटरभर लांबीच्या खिडकीत पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत 40 अंशांचा फरक पडला, तर ती जवळजवळ तीन मिलिमीटर वाढते; काच अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. ही वाढ रोज, आणि रोज परतही. खिडकी आणि बोट यांच्या मधल्या गोंदाला रबरासारखं ताणून घ्यावं लागतं आणि वरच्या रंगालाही. कडक रंग तडकतो. शिवाय काळी किनार पारदर्शक भागापेक्षा जास्त तापते, म्हणजे एकाच शीटची कड आणि मध्य एकमेकांशी भांडत राहतात. एवढ्याशा पट्टीत इतकी रस्सीखेच चाललेली असते!

याच पदार्थाची दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या ॲक्रिलिक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. लंडनच्या हॅरल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की डोळा या कणांना विरोध करत नाही. 1949मध्ये त्यांनी ॲक्रिलिकचं भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवलं, आणि मोतीबिंदूच्या आजच्या शस्त्रक्रियेची वाट तिथून निघाली.

डोळ्यात निमूट राहणारं हे ॲक्रिलिक थिनरपुढे मात्र हात टेकतं. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल किंवा अमोनियाचा काचक्लीनर लागला, की ताणाखाली असलेल्या भागात सुईसारख्या चंदेरी भेगा उमटतात. तिरप्या उजेडात त्या चमकतात, पुसून जात नाहीत. वाकवून बसवलेल्या खिडक्यांत ताण कायमचाच असतो, म्हणून तिथे धोका जास्त. पेंटरने सवयीने थिनरचा बोळा फिरवला, की रंगाचं काम शंभराचं आणि नुकसान नव्या खिडकीचं.

म्हणून किनार पुन्हा रंगवायची असेल तर आधी धुलाई साबणाच्या कोमट पाण्याने. मग पारदर्शक भाग मास्किंग टेपने झाकायचा, टेपची कड बोटाने दाबून बसवायची, आणि जुन्या किनारीच्या सैल पापुद्र्यांवर बारीक वॉटर पेपर पाण्यासोबत फिरवायचा, चकाकी जाऊन धूसर होईल एवढाच. रंग ॲक्रिलिकला चालतो असं डब्यावर लिहिलेलाच घ्यावा. आधी टाकाऊ तुकड्यावर लावून दिवसभर ठेवावा. एक जाड थर देण्यापेक्षा पातळ थर दोन-तीनदा द्यावेत, नाहीतर रंगातलं द्रावकच अडकून खाली कुरतडत बसतं. टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी ओढायची. उशीर झाला की कड दातेरी निघते.

आणि हे सगळं करण्याआधी एक गोष्ट तपासा. जुना रंग उडालेल्या जागी आत पाहिलं, की गोंद दिसतो. तो काळा, एकसंध आणि कडेशी बोटाने दाबल्यावर लवचिक असेल तर खुशाल रंगवा. तो खडूसारखा झाला असेल, त्यात बुडबुडे किंवा दुधाळ डाग दिसत असतील, पावसात कडेने पाणी झिरपत असेल, तर ब्रश बाजूला ठेवा. खिडकी काढून पुन्हा चिकटवावी लागेल.