भार, रस्ता आणि साज : मालवाहू पिकअपची निवड

राजापूर तालुक्यांत जैतापूरच्या खाडीच्या उत्तर तीरावर नाटे नांवाचें गांव आहे. खाडीवर पहारा ठेवणारा यशवंतगड, साखरी नाटे येथील मच्छीमारांच्या होड्या आणि मागें जांभ्या दगडाच्या सड्यावर पसरलेल्या हापूसच्या बागा, एवढें सांगितलें म्हणजे त्या गांवाचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. एके काळीं या किनाऱ्यावरील मालाची वाट पाण्यांतून होती. आज ती रस्त्यावरून जाते. उन्हाळ्यांत आंब्याच्या पेट्या आणि एरवीं बर्फांत घातलेली मासळी ज्या लहान मालवाहू मोटारीवर चढते, तिला सर्वत्र ‘पिकअप’ या नांवानेंच ओळखतात.

अशी गाडी घेण्याचा विचार गांवांत सुरू झाला, कीं तो पुष्कळदां मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडांपर्यंत येऊन पोंचतो. बाग गांवाकडील भाऊ सांभाळतो, शहरांतील भाऊ पहिल्या रकमेस हातभार लावतो, आणि मग दोघांच्या मध्यें विक्रेत्याचें दरपत्रक येऊन पडतें. गाडी एकच, परंतु तिचे उपप्रकार दहा. कशाच्या नांवापुढें आंकडा, कशापुढें इंग्रजी अक्षरें. आणि प्रत्येक ओळींत किंमत कांहीं हजारांनीं चढत गेलेली. शहरांतील भाऊ थंड हवेचें यंत्र आणि चांगली आसनें पाहतो. गांवाकडील भाऊ हौदा किती लांब आहे तें विचारतो. दोघांचेंहि म्हणणें अर्धें बरोबर आणि अर्धें चूक असतें. पुढें पांच वर्षें फेडावयाचें कर्ज या घोंटाळ्यावर उभें राहूं नये, म्हणून दरपत्रकाची भाषा आधीं उलगडून घेणें अवश्य आहे.

या भाषेंतील आंकडे बहुधा भाराचे असतात. महिंद्र कंपनीनें २०२३ सालीं ‘बोलेरो मॅक्स पिकअप’ ही गाडी ‘सिटी’ आणि ‘एचडी’ अशा दोन मालिकांत बाजारांत आणली; तिच्या नांवांतील १.३ पासून २.० पर्यंतचे आंकडे म्हणजे ती किती टन माल वाहूं शकते याची खूण होय. टाटांच्या ‘योद्धा’ गाडीच्या नांवांतील १२००, १५००, १७०० हे आंकडे किलोग्रॅमचे आहेत. २०२२ च्या सप्टेंबरांत त्याच घराण्यांत दोन टनांची ‘योद्धा २.०’ आली. आंकड्यामागून येणारीं अक्षरें बहुधा सुखसोयींची पायरी दाखवितात. एखादी ओळ ‘कॅब चासी’ची असते, म्हणजे कारखान्यांतून नुसती चासी आणि चालकाची केबिन मिळते, हौदा आपल्या सोयीप्रमाणें बांधून घ्यावयाचा असतो. सारांश, दरपत्रकांत तीन निरनिराळे प्रश्न एकत्र कालविलेले असतात : भार किती, हौदा कसा आणि साज कोणता. हे तीन प्रश्न याच क्रमानें सोडविले म्हणजे निम्मा गोंधळ नाहींसा होतो.

प्रथम भार. त्याचा हिशेब घरीं बसून करतां येतो. अडीचशें ग्रॅमचें फळ धरलें तर पांच डझनांच्या पेटींत पंधरा किलो आंबा बसतो. लाकडी पेटी आणि आंतील गवत यांचे तीन किलो मिळवून एक पेटी अठरा किलोंची झाली. चालक आणि सोबती यांचें वजनहि गाडीच्या एकूण वजनांतच मोजलें जातें. त्यांचे एकशेंतीस आणि ताडपत्री, दोर, अवजारें यांचे वीस, असे दीडशें किलो सावधपणें बाजूला काढले, तर १,३०० किलोंच्या गाडींत त्रेसष्ट आणि १,७०० किलोंच्या गाडींत शहाऐंशी पेट्या बसतात. फरक तेवीस पेट्यांचा आहे. आतां प्रश्न असा, कीं या तेवीस पेट्या रोज भरावयाच्या आहेत, कीं हंगामाच्या ऐन भरांतील मोजक्या फेऱ्यांपुरत्याच ? पहिलें खरें असेल तर मोठी गाडी स्वतःचा खर्च भरून काढील. दुसरें खरें असेल तर त्या मोजक्या फेऱ्यांसाठीं भाड्याची गाडी घेणें आणि वर्षभर लहान गाडी पोसणें हेंच शहाणपणाचें. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

भाराच्या या प्रश्नांत कायद्याच्या तीन रेषा येतात आणि त्यांची माहिती विक्रेता आपण होऊन देईलच असें नाहीं. पहिली रेषा ३,००० किलोंची. मालासह एकूण वजन या मर्यादेपलीकडे न जाणाऱ्या मालवाहू वाहनास मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणें परवाना लागत नाहीं. कांहीं हलके उपप्रकार या रेषेच्या आंत बसतात, भारी उपप्रकार बाहेर जातात. परवान्याची यातायात आणि त्याचा खर्च हाहि त्या दोहोंच्या किंमतींतील न दिसणारा फरक होय. दुसरी रेषा ७,५०० किलोंची. हलकें मोटार वाहन चालविण्याचें अनुज्ञापत्र असलेला मनुष्य या मर्यादेंतील मालवाहू गाडीहि चालवूं शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं दिला. येथें विचारांत घेतलेल्या साऱ्या गाड्या या मर्यादेच्या पुष्कळ आंत आहेत, तेव्हां ती चिंता नको. तिसरी रेषा गाडीच्या नोंदणीपत्रावर लिहिलेल्या वजनाची. ती ओलांडल्यास २०१९ सालीं सुधारलेल्या कायद्याप्रमाणें वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनास दोन हजार रुपये अधिक, अशी शिक्षा आहे.

या तिसऱ्या रेषेसंबंधीं एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. गाडीच्या मागील पाट्यांत एखादा जादा पाटा बसवून घेतला म्हणजे गाडीची शक्ति वाढली, असें पुष्कळांना वाटतें. जादा पाट्यानें हौदा खालीं बसत नाहीं एवढेंच. ब्रेक तेच, आंस तोच, टायर तेच आणि नोंदणीपत्रावरील वजनहि तेंच राहतें. नाटे गांवाहून कोल्हापूरच्या बाजारास माल न्यावयाचा तर अणुस्कुऱ्याचा घाट चढावा लागतो आणि परत येतांना तोच उतरावा लागतो. तेथें वाढीव भाराचा ताण पाट्यांवर नव्हे, ब्रेकवर येतो. ज्याला दीड टन माल नियमानें वाहावयाचा आहे त्यानें १.३ ची गाडी घेऊन पाटा वाढविण्यापेक्षां १.७ ची गाडी घेऊन ती थोडी मोकळी ठेवावी. किंमतींतील फरक हा तेथें चैनीचा नसून जिवाच्या सुरक्षिततेचा असतो.

दुसरा प्रश्न हौद्याचा. आजच्या पिकअपचा हौदा सामान्यतः आठ ते दहा फूट लांब असतो. आंब्यास वजनापेक्षां जागेची गरज आधीं लागते, कारण पेट्यांचे थर फार उंच रचले तर खालचें फळ दबतें. शिवाय पिकूं लागलेलें फळ स्वतःची उष्णता आणि वायु बाहेर टाकतें, म्हणून त्यास हवा खेळती लागते. मासळीचें नेमकें उलट. तिला बंद आणि गार पेटी हवी. बर्फाचें वजन तर पुष्कळदां मासळीच्या वजनाच्या बरोबरीस जातें, तेव्हां टनभर मासळीची गाडी ही प्रत्यक्षांत दोन टनांची गाडी असते. कॅब चासी घेऊन तिच्यावर उष्णतारोधक बंद पेटी बांधली तर मासळीची उत्तम सोय होते; पण त्या पेटीचें वजन मालाच्या वजनांतून वजा होतें आणि आंब्याच्या दिवसांत तीच पेटी अडचण होऊन बसते. ज्या घरास दोन्ही माल वाहावयाचे आहेत त्यास उघडा हौदा आणि त्यांत ठेवतां-काढतां येणाऱ्या शीतपेट्या हा मध्यममार्ग सोईचा. मात्र मासळीनंतर हौदा गोड्या पाण्यानें धुवून वाळविल्यावांचून त्यांत आंबा भरूं नये.

दुहेरी केबिनच्या गाडीचा मोह याच ठिकाणीं होतो. आंबे उतरविणारे गडी मागच्या आसनावर बसतील, ही सोय खरी. पण तेवढा हौदा आंखूड होतो. तथापि ज्यांना गडीमाणसें रोज नेणें भागच आहे त्यांनीं हा तोटा सोसावा. माणसांना हौद्यांत, पेट्यांवर बसवून नेण्याची चाल धोक्याची आणि बेकायदेशीर आहे. असा प्रवास करणाऱ्या मनुष्यास अपघात झाला तर विम्याचें संरक्षण मिळेलच असें नाहीं आणि भरपाईचा बोजा मालकाच्या घरावर येऊन पडूं शकतो.

तिसरा प्रश्न साजाचा. येथें एक साधी कसोटी उपयोगी पडते. प्रत्येक जादा वस्तूपुढें बोट ठेवून विचारावें : ही वस्तु मालाची सेवा करते, चालकाची करते, कीं पाहणाऱ्याची ? नाटे गांवाहून वाशीच्या बाजारापर्यंतचा रस्ता साडेतीनशें किलोमीटरांहून लांब आहे आणि पेट्या पहांटे पोंचावयाच्या तर तो रात्रीं कापावा लागतो. अशा चालकास पॉवर स्टिअरिंग, पाठीस आधार देणारें व पुढें-मागें सरकणारें आसन, धुक्यांत उपयोगी दिवे, या वस्तु चैनीच्या नव्हेत. थकलेल्या हातांनीं आणि मिटूं पाहणाऱ्या डोळ्यांनीं होणारे अपघात त्या टाळतात. वैशाखांतील दुपारच्या फेऱ्या नित्याच्या असतील तर थंड हवेचें यंत्रहि याच सदरांत घालावें. गाडी कोठें आहे तें घरच्या फोनवर दाखविणारी यंत्रणा, गाडी पगारी चालकाच्या हातीं असेल तर उपयोगाची, मालक स्वतः चालवीत असेल तर फारशी नव्हे. रंगीत बंपर, चकाकत्या पट्ट्या आणि मोठ्या आवाजाचें गाण्याचें यंत्र यांचा उपयोग पाहणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यास.

चारहि चाकांना शक्ति देणारी गाडी सड्यावरील वाटांसाठीं हवीच, असें कित्येकांस वाटतें. येथें पंचांग पाहावें. आंब्याचा मुख्य हंगाम पावसापूर्वीं संपतो. यांत्रिक नौकांच्या मासेमारीस महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै बंदी असते. म्हणजे चिखल ज्या दिवसांत अधिक, त्याच दिवसांत माल कमी. तेव्हां या सोयीवर खर्च करण्यापेक्षां जमिनीपासूनची उंची आणि टायरांची जात यांकडे लक्ष देणें बहुतेक घरांना पुरेसें होईल. उलट ज्या वस्तूकडे कोणाचें लक्ष जात नाहीं ती म्हणजे तळाचा गंजरोधक लेप. खारी हवा आणि बर्फाचें खारट पाणी गाडीचा तळ आंतून पोखरतात. हा लेप, हौद्यास पाणी वाहून जाण्याचीं भोकें आणि आठवड्यास एकदां गोड्या पाण्याची धुलाई यांचा खर्च थोडा. समुद्रकांठीं मात्र गाडीचें आयुष्य त्यांवरच ठरतें.

सी.एन.जी.वर चालणारा उपप्रकार इंधनाच्या दृष्टीनें स्वस्त पडतो, हें खरें. परंतु त्याच्या टाक्यांचें वजन, घाटांतील ओढ आणि मुख्यतः पंप नेहमींच्या वाटेवर आहे कीं नाहीं, हें पाहिल्याशिवाय तो घेऊं नये. जी बचत गॅस भरण्यासाठीं आडवाटेस जाण्यांत संपते ती बचत नव्हे.

शेवटीं किंमतीविषयीं. दरपत्रक नेहमीं कलमवार मागावें : गाडीची मूळ किंमत, नोंदणी, विमा आणि जादा वस्तु वेगवेगळ्या. मालवाहू गाड्यांवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वींचें दरपत्रक तुलनेस घेऊं नये. बाहेरून बसविलेल्या वस्तूंची नोंद विमापत्रांत करून घ्यावी, नाहीं तर त्यांची भरपाई मिळत नाहीं. आणि जेथें विक्रेता ‘फक्त पन्नास हजारांचा फरक’ असें म्हणतो तेथें पेन्सिल हातीं घ्यावी. शेंकडा दहा व्याजानें पांच वर्षांच्या कर्जांत ते पन्नास हजार दरमहा सुमारें १,०६२ रुपये होतात आणि एकूण ६३,७०० च्या घरांत जातात. हा हप्ता आंब्याच्या महिन्यांत जाणवत नाहीं. पण आषाढांत बाग रिकामी आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतांनाहि तो चुकत नाहीं. म्हणून उपप्रकार ठरवितांना वैशाखांतील मिळकत न पाहतां आषाढांतील शिल्लक पाहावी.

हा हिशेब दोघां भावांनीं एका कागदावर मांडला तर त्यांचा वाद बराचसा मिटेल. भाराचा आणि हौद्याचा निर्णय गांवाकडील भावाचा, कारण माल तो जाणतो. चालकाच्या सुखसोयींचा आग्रह शहरांतील भावाचा, आणि तो त्यानें सोडूं नये. रात्रीच्या रस्त्यावर जो बसणार आहे तोहि घरचाच मनुष्य असतो. गाडी घेण्यापूर्वीं ती भरलेल्या स्थितींत चढावावर चालवून पाहावी, दुरुस्तीचें केंद्र किती लांब आहे तें विचारावें आणि नोंदणीपत्रावर कोणतें वजन येणार तें लिहून घ्यावें. एवढें करून जी ओळ दरपत्रकावर उरेल ती बहुधा सर्वांत वरची नसेल आणि सर्वांत खालचीहि नसेल. पण ती त्या घराची असेल.